सशाची किंकाळी आणि शिकाऱ्याची शिट्टी

वन्य प्राण्यांच्या आवाजाची नक्कल करून त्यांना बंदुकीच्या टप्प्यात आणणाऱ्या साधनाला ‘गेम कॉल’ असे म्हटले जाते. मराठीत त्यासाठी ‘भुलावणीची शिट्टी’ हा शब्द वापरता येईल. बदके, हरणे, टर्की पक्षी यांच्यासाठी अशा शिट्ट्या अनेक देशांत वापरल्या जातात. सशासाठी वापरली जाणारी शिट्टी मात्र या सर्वांहून वेगळी आहे. बदकाला शिट्टीतून सोबत्यांचे बोलावणे ऐकू येते, नर हरणाला मादीची किंवा प्रतिस्पर्ध्याची चाहूल लागते. सशाच्या शिट्टीतून निघते ती जिवाच्या भीतीने फोडलेली किंकाळी. ती ऐकून ससा येतो का, आणि येतो तर कोणता ससा येतो, या प्रश्नांच्या उत्तरांतच या पद्धतीची मर्यादा आणि तिच्यावरचा आक्षेप दोन्ही दडलेले आहेत.

एक शब्द, दोन प्राणी

मराठीतील ‘ससा’ या एका शब्दात इंग्रजीतील ‘रॅबिट’ आणि ‘हेअर’ हे दोन वेगळे प्राणी येतात. युरोपीय रॅबिट (ऑरिक्टोलेगस क्युनिक्युलस) जमिनीखाली बिळांचे जाळे खणतो आणि कळपाने राहतो. त्याची पिल्ले जन्मतः उघडी, म्हणजे अंगावर केस नसलेली, आणि डोळे मिटलेली असतात. हेअर बिळ खणत नाही. गवतातील किंवा झुडपाखालील उथळ खळग्यात तो दिवसभर अंग चोरून बसतो. त्याच्या पिल्लांच्या अंगावर जन्मतःच लव असते आणि डोळे उघडे असतात. घरोघरी पाळले जाणारे पांढरे ससे युरोपीय रॅबिटचे वंशज आहेत. गोवा, कोकण आणि दख्खनच्या माळावर दिसणारा करडा-तपकिरी ससा मात्र हेअर आहे. मानेवरील काळ्या पट्ट्यामुळे त्याचे शास्त्रीय नाव लेपस निग्रिकॉलिस असे पडले.

अमेरिकेत शिकारी ज्याच्या मागे जातात तो प्रामुख्याने ‘कॉटनटेल’. शेपटीच्या खालच्या बाजूस कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोंडा असल्याने त्याला हे नाव मिळाले. तो रॅबिटच्या गटातील असला तरी स्वतः मोठी बिळे खणत नाही. जमिनीतील लहानशा खळग्यात गवत आणि स्वतःच्या अंगावरील लव अंथरून मादी पिल्लांसाठी घरटे करते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशातील ‘जॅकरॅबिट’ नावाने रॅबिट असला तरी प्रत्यक्षात हेअर आहे. पुढील विवेचनात या भेदाचे महत्त्व दिसून येईल, कारण भुलावणीची शिट्टी सशाच्या पिल्लांशी आणि ती वाढवण्याच्या पद्धतीशी जोडलेली आहे.

अबोल प्राण्याचा आवाज

ससा सहसा आवाज करीत नाही. सशांचा आपसातील व्यवहार मुख्यतः गंधावर चालतो. धोक्याची सूचना देण्यासाठी युरोपीय ससा मागचा पाय जमिनीवर जोराने आपटतो आणि त्या धक्क्याने आसपासचे ससे सावध होतात. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. सशाचे कान त्याहून कितीतरी वरच्या पट्टीतील ध्वनी टिपतात. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते. दृष्टीचा आंधळा भाग राहतो तो अगदी नाकासमोर. अशा प्राण्याच्या नकळत त्याच्याजवळ जाणे कठीण असते, म्हणूनच त्याला आपल्याकडे बोलावण्याची कल्पना शिकाऱ्याला सुचली.

कॉटनटेलचे तीन आवाज अभ्यासकांनी नोंदवले आहेत. घरट्याजवळ शत्रू आला तर मादी घशातून गुरगुरते. समागमाच्या वेळी चीत्कार ऐकू येतात. तिसरा आवाज म्हणजे पकडले गेल्यावर किंवा जखमी झाल्यावर निघणारी तीव्र, लांबलेली किंकाळी. सशांच्या अनेक जातींत ही किंकाळी आढळते, आणि ज्याने ती एकदा ऐकली त्याला ती लहान मुलाच्या रडण्यासारखी वाटते.

मृत्यूच्या तोंडी असलेल्या प्राण्याने ओरडून काय साधते, हा जीवशास्त्रातील जुना प्रश्न आहे. त्याची तीन उत्तरे दिली जातात. अचानक फुटलेल्या आवाजाने भक्षक दचकतो आणि त्याची पकड क्षणभर सैल होते, हे पहिले. आसपासचे नातलग सावध होतात, हे दुसरे. तिसरे उत्तर अधिक विलक्षण आहे. आवाज ऐकून दुसरा भक्षक धावून येतो, दोघांच्या झटापटीत शिकार निसटते. योरान ह्योगस्टेट या स्वीडिश जीवशास्त्रज्ञांनी १९८३ साली पक्ष्यांच्या भयचीत्काराविषयी हा विचार मांडला. तो सशालाही कितपत लागू पडतो हे वेगळे, परंतु सशाची किंकाळी ऐकून भक्षक येतात एवढे शिकाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

शिट्टीची घडण

भुलावणीचे सर्वांत साधे साधन म्हणजे माणसाचा हात. तळहाताच्या मागच्या बाजूस ओठ दाबून हवा आत ओढली की बारीक चिरका आवाज निघतो. इंग्लंडमधील शिकारवनांचे रखवालदार कोल्ह्याला जवळ आणण्यासाठी ही युक्ती वापरीत. दोन अंगठ्यांमध्ये गवताचे पाते ताणून फुंकर घातली तरी असाच आवाज होतो. माडाच्या पातीची पिपाणी किंवा आंब्याच्या कोयीची पुंगी वाजवलेल्या कोकणी आणि गोमंतकीय मुलांना यातील तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. पातळ पात हवेच्या झोताने थरथरते आणि नाद उमटतो, एवढेच ते तत्त्व.

कारखान्यात तयार होणाऱ्या शिट्ट्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या नळीच्या आत पत्ती बंदिस्त असते. ती फुंकायला सोपी, मात्र तिची पट्टी ठरलेली. दुसऱ्यात पत्ती उघडी असते आणि वादक ओठांचा दाब कमी-अधिक करून आवाज चढवतो वा उतरवतो. यासाठी सराव लागतो, परंतु पिल्लाच्या बारीक चिरकण्यापासून थोराड सशाच्या किंकाळीपर्यंत सर्व छटा एकाच शिट्टीतून काढता येतात. नळीच्या तोंडाशी हाताची ओंजळ उघडझाप केली की आवाजात रडण्याचा कंप येतो.

ऑस्ट्रेलियात ‘टेंटरफील्ड’ नावाने ओळखली जाणारी कोल्ह्याची शिट्टी तर त्याहून साधी आहे. छिद्र पाडलेल्या पत्र्याची दुमडलेली चकती दात आणि ओठ यांच्यामध्ये धरून हवा आत ओढायची, की जखमी सशाचा आवाज निघतो. त्या खंडात ससाही बाहेरून आणलेला आणि कोल्हाही बाहेरून आणलेला. १८५९ साली टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने व्हिक्टोरियातील आपल्या मळ्यावर शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून ससे मागवले. पुढे त्यांची संख्या अनावर झाली. तेथे ससा हा शेतीचा शत्रू मानला जातो, आणि त्याच्या आवाजाची शिट्टी दुसऱ्या शत्रूला, म्हणजे कोल्ह्याला, मारण्यासाठी वापरली जाते.

शिट्टी सशाची, सावज कोल्हा

ऑस्ट्रेलियातील हे उदाहरण अपवादात्मक नाही. सशाच्या किंकाळीची नक्कल करणाऱ्या बहुतेक शिट्ट्या सशासाठी नसतातच. अमेरिकेत १९५०च्या दशकात टेक्सासमधील मार्बल फॉल्स येथील बर्नहॅम बंधूंनी अशा शिट्ट्या विकायला प्रारंभ केला, तो कोल्हे, कायोटी आणि रानमांजरे बोलावण्यासाठी. पुढे जखमी सशांचे आवाज ध्वनिमुद्रित करून तबकड्यांवर आणि नंतर कॅसेटवर विकले जाऊ लागले. आता दूरनियंत्रकावर चालणारे डिजिटल ध्वनिक्षेपक आले असून एका यंत्रात शेकडो आवाज साठवलेले असतात.

प्रत्यक्ष सशाच्या शिकारीत अमेरिकी शिकाऱ्याचा भर बीगल जातीच्या कुत्र्यांवर असतो. उठवलेला कॉटनटेल सरळ पळून दूर जात नाही. स्वतःच्या ओळखीच्या टापूत वळसा घेऊन तो पुन्हा निघाल्या जागी येतो. कुत्रे मागावर भुंकत राहतात आणि शिकारी वाट पाहत उभा असतो. येथे आवाजाचा एक लहानसा उपयोग होतो. पळत्या सशाला पाहून शिकाऱ्याने तीव्र शीळ घातली की तो कित्येकदा क्षणभर थबकतो आणि कान टवकारतो. त्या क्षणी नेम धरला जातो. ही शीळ सशाला बोलावत नाही, केवळ थांबवते.

भारतातील जुन्या शिकारपद्धतीत आवाजाचे काम नेमके उलटे होते. ढोल, डबे आणि आरोळ्या यांनी रान उठवायचे, सावज मचाणाच्या दिशेने हाकलायचे, याला हाका घालणे म्हणत. अमेरिकेतही १९३०च्या दशकातील दुष्काळात कॅन्सस आणि शेजारच्या राज्यांतील शेतकऱ्यांनी पिकांवर आलेले जॅकरॅबिट असेच हाकलून कुंपणात कोंडले व दांडक्यांनी मारले. हाक्यात भीती सावजाला दूर पळवते. भुलावणीत दुसऱ्याची भीती सावजाला जवळ आणते. ही दुसरी गोष्ट कशी घडते, हा खरा कूटप्रश्न आहे.

ससा का येतो?

सशाला आवाजाने बोलावण्याची पद्धत जुनी आणि रुजलेली आहे ती स्पेनमध्ये. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात ‘चिल्या’ या शब्दाचा एक अर्थ कोल्हा, ससा आदी प्राण्यांच्या किंकाळीची नक्कल करण्याचे शिकाऱ्याचे साधन असा दिलेला आहे. किंचाळणे या अर्थाच्या क्रियापदालाही तेथे शिकारीतील असाच वेगळा अर्थ आहे. साधनाला भाषेत स्वतःचे नाव असावे, इतकी ही रीत तेथे परिचित होती.

हे तेथेच घडावे याला कारण आहे. युरोपीय ससा मूळचा इबेरियन द्वीपकल्पाचा, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालचा रहिवासी. रोमन सम्राट हेड्रियन याच्या काळातील नाण्यांवर हिस्पानिया प्रांत स्त्रीरूपात कोरलेला असून तिच्या पायाशी ससा आहे. पोर्तुगीजमध्ये सशाला ‘कुएल्हो’ म्हणतात. गोव्यातील कुएल्हो या आडनावाचा शब्दार्थ तोच.

सशाची किंकाळी ऐकल्यावर बहुतेक ससे गोठल्यासारखे स्तब्ध होतात किंवा बिळाकडे धाव घेतात. शिकाऱ्यांचा अनुभव असा, की जे थोडे ससे आवाजाच्या दिशेने येतात त्यांत विणीच्या हंगामातील ससे अधिक असतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडे कोल्ह्यासाठी शिट्टी वाजवणाऱ्यांपुढे एखादा जॅकरॅबिट धावत येऊन उभा राहतो, हेही त्यांच्या परिचयाचे आहे. याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण मातृत्वाशी जोडले जाते. पिल्लाच्या चिरकण्यासारखा आवाज कानी पडला की मादीची घरटे राखण्याची प्रवृत्ती जागी होते आणि ती आडोसा सोडते. घरट्याशी शत्रू आल्यावर गुरगुरणारी कॉटनटेल मादी लक्षात घेतली तर हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. नर सशांचे येणे मात्र त्याने उलगडत नाही. तेथे कुतूहल किंवा विणीच्या काळातील चढाऊपणा कारणीभूत असावा.

सशांचे मातृत्व वरवर पाहता उदासीन वाटते. युरोपीय ससाण मादी पिल्लांना चोवीस तासांत साधारण एकदाच, तेही काही मिनिटेच, दूध पाजते आणि निघून जाते. हा निष्काळजीपणा नव्हे. ती सतत जवळ राहिली तर तिच्या गंधाने भक्षकाला घरटे सापडेल. दूर राहणे हीच तिची राखण असते. संकटाचा आवाज ऐकून तिने हे अंतर मोडणे म्हणजे तिने स्वतःचा सर्वांत महत्त्वाचा नियम मोडणे होय. शिट्टी वाजवणारा तिच्या नेमक्या याच क्षणाची वाट पाहत असतो.

हंगामाचे गणित

येथे या पद्धतीतील मूळ विसंगती उघड होते. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सशाच्या शिकारीचा हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन हिवाळ्याच्या अखेरीस संपतो. कॉटनटेलची वीण त्यानंतर, वसंतापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत चालते. ज्या काळात शिकारीला परवानगी असते त्या काळात घरट्यांत पिल्ले नसतात आणि शिट्टीचा प्रभाव क्षीण असतो. ज्या काळात शिट्टी परिणामकारक ठरते त्या काळात शिकार बंद असते, आणि ती बंद असण्याचे कारणही तेच आहे. एक मादी मारली गेली तर तिच्यामागे घरट्यातील सगळी पिल्ले उपासमारीने मरतात. शिकाऱ्याच्या पिशवीत एक ससा पडतो, रानातून मात्र पाच-सहा नाहीसे होतात.

ससे भराभर वाढतात, तेव्हा त्याने काय बिघडते, असा प्रतिवाद केला जातो. इबेरियातील अनुभव त्याचे उत्तर देतो. १९५२ साली फ्रान्समधील एका डॉक्टरने स्वतःच्या मालमत्तेवरील ससे कमी करण्यासाठी मिक्सोमॅटोसिस या रोगाचा विषाणू सोडला. तो थोड्याच काळात युरोपभर पसरला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रक्तस्रावी रोगाची दुसरी साथ आली. सशांची संख्या कोसळली आणि जवळजवळ पूर्णपणे सशांवर जगणारा इबेरियन लिंक्स हा रानमांजराच्या कुळातील प्राणी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर गेला. या शतकाच्या प्रारंभी त्याची संख्या शंभरच्या आसपास उरली होती. दीर्घ प्रयत्नांनंतर २०२४ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘असुरक्षित’ वर्गात आणले. खुद्द युरोपीय ससा मात्र त्याच्या मूळ प्रदेशातील घसरणीमुळे त्याच संघटनेच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. एकाच प्राण्याला ऑस्ट्रेलियात उपद्रवी आणि मायभूमीत दुर्मीळ ठरवले जाते. म्हणून भुलावणीच्या शिट्टीचा विचार प्रदेश आणि हंगाम पाहूनच करावा लागतो.

शिट्टीचा धोका वाजवणाऱ्यालाही असतो. झुडपात दडून बसलेल्या माणसाकडून हुबेहूब सशाचा आवाज आला तर दुसरा शिकारी त्याच दिशेने नेम धरू शकतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत शिकारीच्या वेळी भडक नारिंगी पोशाख सक्तीचा करण्यामागे असे अपघात टाळण्याचा हेतू आहे.

कायदा काय सांगतो

हाताने वाजवलेली शिट्टी आणि ध्वनिमुद्रित आवाज यांत कायदे अनेक ठिकाणी भेद करतात. शिट्टी फुंकणाऱ्याचा श्वास आणि कौशल्य यांना मर्यादा असते, यंत्राला ती नसते. युरोपातील वन्यजीवांच्या संरक्षणासाठी १९७९ साली झालेल्या बर्न कराराच्या परिशिष्टात सस्तन प्राण्यांच्या बाबतीत ज्या साधनांना मनाई आहे त्यांत ध्वनिमुद्रक यंत्राचा समावेश आहे. युरोपीय संघाच्या १९९२च्या अधिवास निर्देशातही तीच तरतूद असून तेथील पर्वतीय ससा तिच्या कक्षेत येतो. अमेरिकेत याविषयीचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते.

भारतात मात्र हा भेद गौण ठरतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. ठार मारण्याबरोबरच पकडणे, फासे लावणे, सापळा रचणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे या सर्वांचा तीत अंतर्भाव होतो. रान उठवणारा जुना हाका आणि आमिष दाखवून केलेली भुलावणी एकाच कलमात शेजारी शेजारी उभे आहेत. सशाला मारण्याच्या वा पकडण्याच्या हेतूने भ्रमणध्वनीवर किंकाळी वाजवत रानात बसलेला माणूस, हाती काहीही लागले नाही तरी, ‘प्रयत्न’ या शब्दातून सुटत नाही. भारतीय ससा पूर्वी या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली, तेव्हा तो दुसऱ्या अनुसूचीत आला. या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘साधा ससाच तर आहे’ हा समज कायद्यापुढे टिकणारा नाही.

माळावरचे पिल्लू

गोव्याच्या पठारांवर, काजूच्या बागांच्या कडेने आणि गवताळ माळावर ससा आजही आढळतो. तो संध्याकाळनंतर चरायला निघतो. त्याची मादी पिल्लांना गवतात ठेवून दूर जाते आणि दिवस मावळल्यावर दूध पाजण्यासाठी परतते. गुरे चारताना किंवा गवत कापताना असे एकटे पिल्लू दिसले की आईने टाकले असे समजून ते घरी आणण्याचा मोह होतो. बहुतेक वेळा ते टाकलेले नसते. उचलल्यावर ते किंचाळते, आणि ती किंकाळी ऐकून मादीबरोबरच कोल्हा, मुंगूस आणि गावातील कुत्रीही सावध होतात.

अशा पिल्लाला हात न लावता, कुत्र्यांना दूर ठेवून तेथून निघून जाणे हीच त्याची खरी मदत. पिल्लू जखमी असेल किंवा त्याची आई मेलेली आढळली असेल, तर वन खात्याला कळवावे. पिल्लू घरी पाळणे कायद्यात बसत नाही, आणि पाळीव सशाच्या आहारावर रानातील पिल्लू सहसा जगतही नाही. जवळपास कोणी नाही अशी खात्री झाली की संधिप्रकाशात त्याची आई येते. तिला बोलावण्यासाठी कोणत्याही शिट्टीची गरज नसते.